सुधारणेस वाव आहे

कृतज्ञता ही मनात ठेवायची वस्तू आहे असं मानणारे देश मागे राहिले आणि ती टक्क्यांत मोजणारे पुढे गेले, हे आता मान्य करायला हरकत नाही. मनातली कृतज्ञता दिसत नाही, तिची पावती मिळत नाही, आणि ती मुळात होती की नव्हती याची तपासणी कुठल्याही लेखापरीक्षकाला करता येत नाही. बिलाच्या वीस टक्के असलेली कृतज्ञता मात्र कशी ठसठशीत असते. कोणीही यावं आणि मोजून घ्यावी.

आस्थापना शाखेच्या निवृत्त अधीक्षकांना हे पटायला परदेशात उतरल्यापासून जेमतेम पावणेदोन तास लागले. मुलीने विमानतळावरून घरी नेताना आईबाबांना वाटेत जेवायला थांबवलं. जेवण झालं, बिल आलं, मुलीने ते भरलं आणि वर आणखी वीस टक्के ठेवले. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या नजरेतून वरचे पैसे सुटत नाहीत. (अधीक्षकांनी स्वतः ते जन्मात घेतले नव्हते, आणि ही गोष्ट ते कोणालाही न विचारता सांगत असत.)

"हे कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.

"टिप, बाबा. इथे द्यायची असते."

"सक्तीची आहे?"

"छे, स्वखुशीची."

"आणि नाही दिली तर?"

"तर पुन्हा या हॉटेलात पाय ठेवायची सोय नाही."

अधीक्षकांचा चेहरा उजळला. स्वखुशीची पण न चुकणारी रक्कम त्यांना नवी नव्हती. ऑफिसात निरोप समारंभाची वर्गणी याच तत्त्वावर गोळा व्हायची. फरक एवढाच की आपल्याकडे काम व्हायच्या आधी द्यावं लागतं आणि इथे काम झाल्यावर. म्हणजे इथला माणूस नुसत्या विश्वासावर काम करतो. केवढी ही संस्कृती, असं ते गाडीत दोनदा म्हणाले. बायको झोपली होती, त्यामुळे मुलीला दोन्ही वेळा हो म्हणावं लागलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक वही घेतली आणि टिपेचे नियम तयार करायला बसले. जेवण वाढणाऱ्याला वीस टक्के. केस कापणाऱ्याला वीस टक्के, केस कितीही उरलेले असोत. टॅक्सीवाल्याला पंधरा. सामान उचलणाऱ्याला नगावर. काउंटरपाशी स्वतः उभं राहून, स्वतः कप उचलून, स्वतः टेबल पुसून प्यायलेल्या कॉफीवर अठरा. (ही टिप नेमकी कोणाला जाते याचा उलगडा झाला नाही. न्यायाने पाहता ती अधीक्षकांनाच मिळायला हवी होती.) डॉक्टर, शिक्षक आणि बसचा ड्रायव्हर यांना काही नाही, कारण त्यांच्यावाचून अडतं. पहिल्या आठवड्यात एकूण एकोणतीस अनोळखी माणसं अधीक्षकांकडे पाहून हसली. पैकी तेवीस हास्यं देय निघाली, चार अदेय, आणि दोनांबाबत मुलीकडून मार्गदर्शन मागवण्यात आलं.

मुलगी आणि जावई सकाळी साडेसातला कामाला जात. मग अधीक्षक आणि त्यांची बायको रस्ता ओलांडून समोरच्या उपाहारगृहात चहाला जात. तिथे खिडकीपाशी सहा टेबलं एका बाईच्या ताब्यात होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, एका गुडघ्याला कायमचा पट्टा. चहात दूध आधी नको हे तिला एकदाच सांगावं लागलं. तिसऱ्या दिवशी तिने न मागता गरम पाण्याची वेगळी किटली आणून ठेवली. चौथ्या दिवशी अधीक्षकांच्या बायकोच्या पाठीमागे कुठूनशी एक उशी आणून सारली, आणि नंतर ती उशी रोज आधीपासून तिथे असे. अधीक्षक मोजून वीस टक्के ठेवत. बाई मान लववून ते उचलत असे आणि पुढच्या टेबलाकडे वळत असे. एकूण व्यवहार इतका नीटनेटका होता की अधीक्षकांना परत नोकरीत गेल्यासारखं वाटायचं.

बाईचा पगार किती हे त्यांनी चौकशी करून मिळवलं होतं. पगार असा फारसा नव्हताच. मालकाने द्यायचं ते नावापुरतं. घरभाडं आणि मुलीच्या कॉलेजची फी या सहा टेबलांवरच्या वीस टक्क्यांतून निघायची. म्हणजे एका माणसाला नोकरीवर ठेवायचं मालकाने आणि पगार द्यायचा गिऱ्हाइकाने. इतकी सुटसुटीत व्यवस्था आपल्या खात्याला एकतीस वर्षांत सुचली नाही याची अधीक्षकांना मनापासून खंत वाटली.

आणि मग मालकाने नवं यंत्र आणलं.

यंत्र तळहाताएवढं होतं. त्यावर आधी टिपेचे टक्के येत आणि मग पाच चांदण्या. वाढणाऱ्या व्यक्तीची सेवा कशी वाटली, तेवढ्या चांदण्या दाबा. खाली शेरा लिहायला दोन ओळींची जागा. बाकीची गिऱ्हाइकं ते यंत्र डास मारावा तसं एका बोटाने दाबून पुढे जात. अधीक्षकांनी चष्मा लावला.

इथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अधीक्षकांनी नोकरीत सहाशेच्या वर गोपनीय अहवाल लिहिले होते. कोणता कर्मचारी कसा आहे याबद्दल शेरा देणं हे त्यांचं आयुष्य होतं, आणि निवृत्तीनंतर चार वर्षांत त्यांचं मत कोणीही मागितलं नव्हतं. घरचं तर सोडाच. आता एका संपूर्ण परक्या देशाने त्यांच्यापुढे यंत्र धरलं होतं. त्यांना भरून आलं.

"उद्या सांगतो," ते बाईला म्हणाले. त्यांनी चार दिवस घेतले. चहा किती मिनिटांत येतो, किती गरम असतो, बशीत सांडलेला असतो का, सगळं वहीत टिपलं. दोष सापडला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी बोट उचललं, तीन चांदण्या दाबल्या आणि शेरा लिहिला: "कर्तव्यदक्ष. वक्तशीर. वागणूक चांगली. सुधारणेस वाव आहे."

तीन म्हणजे चांगला. अधीक्षकांच्या हातून याहून वरचा शेरा कोणाला मिळाला नव्हता. चार म्हणजे उत्कृष्ट, आणि तो द्यायचा तर कारणं वेगळ्या कागदावर जोडावी लागतात. पाच म्हणजे अत्युत्कृष्ट. असा कर्मचारी असू शकतो हे नियमात लिहिलेलं आहे, पण पाहिलेला कोणी नाही. "सुधारणेस वाव आहे" हे तर त्यांनी झाडून सगळ्यांना लिहिलं होतं, अगदी ज्याच्यामुळे शाखा चालायची त्या जुन्या कारकुनालाही. वाव ठेवला नाही तर माणूस सुधारणार कुठे, असा साधा विचार त्यामागे होता.

यंत्र रोज विचारत असे. अधीक्षक रोज तेच उत्तर देत. अकरा दिवस त्यांनी आपल्या मतात तसूभर फरक पडू दिला नाही.

बाराव्या दिवशी बाई दिसली नाही. उशीही नव्हती. एक तरणा वेटर आला, त्याने दूध आधी ओतलं आणि हसला. (देय.)

"त्या बाई रजेवर आहेत का?" अधीक्षकांनी मालकाला विचारलं.

मालकाने काखा वर केल्या. सरासरी घसरली, तो म्हणाला. ४.६ च्या खाली आलेल्या माणसाला टेबलांवर ठेवता येत नाही, यंत्रच दर पंधरवड्याला हिशेब करून तसं नाव काढून टाकतं. बाई आत बशा धुते. मालकाचा स्वतःचा तिच्यावर काही राग नव्हता. त्याचा कोणावरच नव्हता. आता राग, लोभ वगैरे सगळं यंत्राकडे गेलं होतं.

अधीक्षक तसेच घरी आले आणि संध्याकाळपर्यंत मुलीची वाट पाहत बसले.

"तीन?" मुलीने कपाळाला हात लावला. "बाबा, अकरा दिवस तीन?"

"तीन म्हणजे चांगला."

"इथे पाच म्हणजे ठीक. चार म्हणजे जरा बिनसलं. तीन म्हणजे पोलीस बोलवायचे तेवढे राहिले."

"मग अत्युत्कृष्टला काय देतात?"

"पाच."

"आणि ठीकला?"

"पाचच."

"मग दोघांत फरक कसा करायचा?"

"करायचाच नाही, बाबा. फरक कोणाला हवाय? त्या बाईचं घर चालतंय त्यावर."

अधीक्षकांनी टिपेची वही उघडली. बशा धुणाऱ्याला टिप नसते. स्वच्छ बशीबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही, बोलायचं असलं तर मळक्या बशीबद्दल बोलतात. म्हणजे बाईच्या हाती आता तो नावापुरता पगार उरला होता. हे आपल्या हातून झालं, आणि चांगला शेरा देऊन झालं, हे त्यांना कुठल्याच बाजूने गिळता येईना. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्राच्या कंपनीकडे चार पानी अपील पाठवलं. प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला आधी कळवायला हवा, त्याचं म्हणणं ऐकायला हवं, मुळात हा शेरा प्रतिकूल नव्हताच, वगैरे. अकरा मिनिटांत उत्तर आलं. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, दिलेला शेरा बदलता येत नाही, आणि हे उत्तर तुम्हाला कसं वाटलं तेवढ्या चांदण्या दाबा. उत्तर वेळेत आलं होतं, भाषा सभ्य होती. अधीक्षकांनी तीन दाबले. मग काय केलं ते लक्षात येऊन ते पाच मिनिटं डोकं धरून बसले. कुठल्या कोणा कारकुनाचं त्या दिवशी काय झालं हे समजायला मार्ग नाही.

मग ते आकडेमोडीला बसले. मालकाकडून त्यांनी माहिती मिळवली. बाकीच्या गिऱ्हाइकांनी बाईला दिलेले शेरे चाळीस, सरासरी ४.८. त्यात अधीक्षकांचे अकरा तीन मिळवले की ४.४१. पुन्हा ४.६ वर जायला लागणार होते चोवीस पाच. न कमी, न जास्त. पण शेरा देता येतो तो वाढणाऱ्यालाच, आणि बाईला वाढता येत नव्हतं कारण शेरे कमी होते. ही गाठ पाहून अधीक्षक क्षणभर आपलं दुःख विसरले. एवढी पक्की गाठ मारायला त्यांच्या खात्याला तीन परिपत्रकं आणि एक शुद्धिपत्रक लागलं असतं.

तरी एक फट सापडलीच. नियमावलीच्या तळाशी लिहिलं होतं की गिऱ्हाइकाला ठराविक व्यक्तीच वाढायला हवी असेल तर ज्यादा आकार भरून तशी मागणी करता येते. एका टेबलाचा दिवसाला एकच शेरा धरला जाईल. अधीक्षकांच्या परतीच्या विमानाला तेरा दिवस होते. नवरा-बायकोने वेगवेगळ्या टेबलांवर बसून वेगवेगळा चहा मागवला, तर बारा दिवसांत चोवीस शेरे होत होते. एक दिवस हाताशी राहत होता.

"वेगळ्या टेबलावर?" बायको म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"इथे आपल्याला ओळखतं कोण?"

"तेही खरंच," असं म्हणून ती पर्स घेऊन उठली.

मालकाने त्यांना मोरीच्या दाराशी दोन टेबलं दिली, मध्ये हातभर अंतर. बाई हात पुसत बाहेर आली. हात कोपरापर्यंत लाल झालेले होते. तिने चहा ठेवला, दूध नंतर ठेवलं, आणि तिथेच थांबली. (पुढचं संभाषण तिकडच्या भाषेत झालं. अधीक्षकांच्या बाजूने व्याकरणाला बरीच इजा झाली, ती इथे भरून काढली आहे.)

"ते तीन तुमचे होते," ती म्हणाली.

"माझेच. पण आमच्याकडे तीन म्हणजे चांगला. मी तक्रार केली नव्हती हो."

"असेल. मला फक्त एक विचारायचंय. तुम्ही लिहिलं होतं की सुधारणेला वाव आहे. अकरा दिवस लिहिलं. मी बशा धुताना रोज तोच विचार करते. कुठे होता वाव?"

अधीक्षकांनी तोंड उघडलं. सहाशे माणसांना त्यांनी हे वाक्य लिहिलं होतं, आणि एकानेही आजवर असा प्रश्न विचारला नव्हता. ते आठवू लागले. चहा गरम होता. किटली वेळेवर येत होती. उशी होती.

"कुठेच नव्हता," ते म्हणाले. "लिहायची सवय आहे."

"बरं," असं म्हणून बाई आत गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं अधीक्षकांना वाटलं. पण तिच्यापुढे बशांची रास पडली होती.

चोवीस शेऱ्यांचं काम सुरू झालं. बायकोचं बोट झटकन पाचवर पडे. अधीक्षकांना वेळ लागायचा. पहिल्या दिवशी त्यांचं बोट पाचव्या चांदणीवर टेकायला पूर्ण चहा गार होण्याइतका अवधी गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारणं वेगळ्या कागदावर लिहून खिशात ठेवली, म्हणजे पुढेमागे कोणी विचारलंच तर. सहाव्या दिवशी बाईचा पट्टा बांधलेला गुडघा टेबलाच्या पायाला अडकला आणि अर्धा कप चहा अधीक्षकांच्या पॅंटवर आला. बाई पांढरीफटक पडली. अधीक्षकांनी यंत्र हातात घेतलं. एकतीस वर्षांची नोकरी त्यांच्या उजव्या हाताला मागे खेचत होती, ते बायकोला हातभर अंतरावरून स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्यांनी पाच दाबले आणि शेरा लिहिला: "चहा सांडला. सांडल्यानंतरची तत्परता अत्युत्कृष्ट." त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मुलीला ही हकीकत तीनदा सांगितली.

नवव्या दिवशी अधीक्षकांना ताप भरला. हाताशी ठेवलेला दिवस त्यातच गेला. पुढच्या सकाळी अंगात कणकण असतानाही ते कानटोपी घालून रस्ता ओलांडून गेले. बायकोने अडवलं नाही, नुसता मफलर गुंडाळून दिला.

शेवटच्या दिवशी तेविसावा पाच बायकोने दिला आणि चोविसावा अधीक्षकांनी. यंत्राने टुणकन आवाज केला. मालकाने आकडा पाहिला, ४.६ बरोबर, आणि आतल्या बाजूला हाक मारली. बाई बाहेर आली, ओला ॲप्रन काढून तिने खुंटीला लावला, कोरडा घातला, आणि खिडकीपाशी एक म्हातारं जोडपं केव्हाचं खोळंबलं होतं त्यांच्याकडे गेली. अधीक्षकांकडे पाहायला तिला त्या वेळी सवड नव्हती. थोड्या वेळाने ती आली, अधीक्षकांच्या बायकोच्या पाठीमागे उशी सारून गेली, आणि बिलात ज्यादा आकार लावला नाही.

अधीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलंही नाही. "झालं एकदाचं," ते शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले. "एक माणूस आपण कामाला लावला."

"तिचं झालं," बायको म्हणाली. ती कपात बघत होती. "माझं काय?"

"तुझं काय?"

"अडतीस वर्षं झाली. दोन वेळचं रांधून वाढते. तुम्ही जेवता, ताट सरकवता, आणि म्हणता, 'ठीक'. ठीक म्हणजे तुमच्या हिशेबात किती?"

अधीक्षकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तीन," ते म्हणाले.

"तेच म्हटलं."

ती रागावून बोलली नव्हती. बारा दिवस तिने आयतं बसून चहा घेतला होता, वेगळ्या टेबलावर, आणि विचार करायला तिला निवांत वेळ मिळाला होता. अधीक्षकांनी खिशातून पेन काढलं आणि हात पुसायच्या कागदावर आकडे मांडायला घेतले, कारण चूक झाली की दुरुस्त करायची, ही रीत त्यांना आता माहीत झाली होती. अडतीस वर्षं. दिवसाला दोन जेवणं. एकूण सत्तावीस हजार सातशे चाळीस शेरे, सगळे तीन. सरासरी ४.६ वर न्यायची तर किती पाच लागतील? उत्तर आलं एक लाख दहा हजार नऊशे साठ. दिवसाला दोन या दराने, एकही खाडा न करता, एकशे बावन्न वर्षं.

त्यांनी पुन्हा करून पाहिलं. तेवढंच आलं.

"किती आले?" बायकोने विचारलं.

अधीक्षकांनी कागदाची घडी केली. मग ते उठले, आपली खुर्ची उचलली आणि तिच्या टेबलापाशी नेऊन ठेवली. "आज घरी गेल्यावर काय करणार आहेस जेवायला?" त्यांनी विचारलं, आणि तिने सांगितलं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

ज्या वाचकांना इथवर अधीक्षकांचं हसू आलं असेल त्यांच्या सोयीसाठी सूत्र खाली देत आहोत, त्याला यंत्र लागत नाही. "ठीक", "बरं", "हं", किंवा मान वर न करता दिलेलं मौन, हे सगळं तीन धरावं. अशी वर्षं मोजावीत आणि त्यांना चारने गुणावं. अविवाहितांनी आईच्या हातचं जेवायला लागल्यापासूनची वर्षं घ्यावीत. उत्तर आयुष्यात मावेनासं आलं, तर आकडेमोड चुकली असं समजू नये.